आईसाठी मांजर आणायचं का? बीपी, झोप, एकटेपणा आणि बाकीचं सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असाय. वडील गेल्यापासून आई जुळे सोलापुरात एकट्याच राहतात, वय ६६, बीपीची गोळी चालू, रात्री झोप नाही, जेवणाकडं लक्ष नाही, आणि तुम्ही पुण्याला नोकरीत अडकलेल्या. शेजारच्या काकू मांजराचं पिल्लू देते म्हणतायत, व्हॉट्सअपवर तुम्हाला मेसेज आलाय की मांजर पाळलं की बीपी उतरतं, हार्ट अटॅक टळतो, घुरघुरीनं हाडं भरून येतात. आणि घरातले म्हणतायत की धाकटी बहीण बाळंतपणाला येणारे, थोरलीच्या मुलाला दमा आहे, मांजर नकोच.

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही, हे आधीच सांगतो. सुरुवातीची वर्षं तालुक्यात गाई-म्हशींमागं हिंडण्यात गेली, नंतर शहरात क्लिनिक टाकलं आणि आता टेबलावर मांजरं भरपूर असतात. त्यामुळं गोळीचा डोस तुमचे फिजिशियन ठरवतील, पण मांजर आणि माणूस एका घरात राहायला लागले की दोघांचं काय होतंय ते मी रोज बघतो, त्यावरून सांगतो.

आणा. फक्त व्हॉट्सअप सांगतंय त्या कारणासाठी नको. एकट्या माणसाला मांजराचा जो फायदा होतो तो त्याच्या घुरघुरीपेक्षा त्याच्या वेळापत्रकामुळं होतो असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो फायदा मांजर स्वतः धड असेल, पोटभर असेल, घाबरलेलं नसेल तरच मिळतो. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी बीपी. यावर मला सगळ्यात पटलेला प्रयोग अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या कॅरन ॲलन यांचा, २००१ साली छापून आलेला. न्यूयॉर्कचे ४८ शेअर दलाल घेतले, सगळे एकटे राहणारे, सगळ्यांचं बीपी वाढलेलं, कामाचा ताण तर विचारूच नका. सगळ्यांना लिसिनोप्रिल नावाची गोळी सुरू केली आणि त्यातल्या निम्म्यांना घरी कुत्रं नाहीतर मांजर आणायला लावलं. सहा महिन्यांनी बघितलं तर शांत बसल्यावरचं बीपी दोन्ही गटांत सारखंच उतरलेलं, म्हणजे ते काम गोळीनं केलं. पण भाषण द्यायला लावलं, तोंडी गणितं घातली, मुद्दाम ताण दिला तेव्हा बीपी जे उसळतं ते जनावर पाळलेल्यांचं बरंच कमी उसळलं. म्हणजे गोळी आणि मांजर दोघांची कामं वेगळी. आईंना हे नीट समजावून सांगा, कारण मांजर आलं म्हणून गोळी सोडणारी माणसं असतात आणि ते फार धोक्याचं आहे. गोळी चालूच राहणार.

हार्ट अटॅकचा मेसेज कुठून आला तेही सांगतो. २००९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, ४,४३५ माणसांचा, २० वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. त्यात आयुष्यात कधीतरी मांजर पाळलेल्या लोकांत हार्ट अटॅकनं मरण्याचं प्रमाण न पाळलेल्यांपेक्षा एक तृतीयांशाहून थोडं जास्त कमी निघालं. आकडा खरा आहे, पण त्यातून मांजरानंच वाचवलं असं सिद्ध होत नाही, कदाचित जी माणसं मुळात शांत स्वभावाची, घरी वेळेवर येणारी, तीच मांजर पाळत असतील. मी याचा अर्थ एवढाच घेतो की मांजरामुळं हृदयाचं नुकसान तर दिसत नाही, थोडं भलंच दिसतंय.

हाडांचं मात्र सोडून द्या. मांजराची घुरघुर साधारण २५ ते १५० हर्ट्झमध्ये असते. आणि २००१ मध्ये मेंढ्यांवर एक प्रयोग झाला होता, मेंढ्यांना रोज २० मिनिटं ३० हर्ट्झनं थरथरणाऱ्या पाट्यावर उभं केलं, वर्षभर, आणि मागच्या मांडीच्या हाडातली आतली जाळी ३४ टक्के दाट झाली. या दोन गोष्टी कोणीतरी एकमेकींना जोडल्या आणि मांडीवर मांजर बसलं की हाड जुळतं असं फिरायला लागलं. मेंढी पाट्यावर उभी होती, मांडीवर मांजर घेऊन बसली नव्हती. माणसाचं मोडलेलं हाड घुरघुरीनं जुळल्याचा पुरावा नाही. शिवाय मांजर फक्त खुशीतच घुरघुरतं असंही नाही बरं का, दुखत असताना, घाबरलेलं असतानाही घुरघुरतं, माझ्या टेबलावर पाय मोडलेली मांजरं घुरघुरताना मी कितीदा बघितलीत. त्यामुळं घुरघुरतंय म्हणजे बरंय असं धरून चालू नका.

आता वेळापत्रकाचं. माझ्याकडं एक मामा येतात, गिरणीत आयुष्य गेलेलं, गिरणी बंद पडली, मग पुढं मामी गेल्या. मुलगा बाहेरगावी. संध्याकाळी चूल पेटवायचीच नाही, सकाळची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तोंडात टाकायची आणि लाईट घालवून पडून राहायचं, असं चाललेलं. एक भुरं मांजर, अंगणातलंच, घरात शिरायला लागलं. सात वाजले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ओरडायचं, नुसतं ओरडायचं नाही तर मामांच्या पायाला डोकं घासून परत उंबऱ्यावर जाऊन बसायचं. त्याला देण्यासाठी मामा उठायला लागले, थोडं चिकन उकडायचं म्हणून गॅस पेटवायला लागले, आणि गॅस पेटलाच आहे तर स्वतःसाठी पिठलं टाकू, भात लावू असं होत गेलं. मला ते पहिल्यांदा भेटले ते मांजराच्या कानातल्या खरजेसाठी, मळकट टॉवेलात गुंडाळून आणलेलं, आणि बोलताना म्हणाले की डॉक्टर, हे जेवल्याशिवाय मला जेवू देत नाही. वजन भरलं होतं, दाढी केलेली होती. त्या माणसाला कोणी सांगितलं असतं की मामा वेळेवर जेवा, तर त्यांनी ऐकलं नसतं, मुलगा रोज फोनवर सांगतच होता की. पण मांजर सांगत नाही, ते उंबऱ्यावर येऊन बसतं.

तुमच्या आईंचं मला हेच वाटतंय. नवरा गेल्यावर बाईचा दिवस मोकळा पडतो, कोणासाठी उठायचं, कोणासाठी डबा करायचा, हे संपतं. मांजर सकाळी सहा-साडेसहाला उठवणार, वाटी धुवायला लावणार, त्याच्या शीच्या ट्रेमधली माती काढायला वाकवणार, संध्याकाळी परत. कामं छोटी आहेत, पासष्टीतल्या बाईला झेपणारी, पण टाळता येत नाहीत. आणि फोनवर तुमच्याशी बोलायला विषय होतो हाही फायदाच, नाहीतर जेवलीस का, हो, गोळी घेतलीस का, हो, यापुढं फोन जात नाही असं बरेच जण सांगतात.

स्पर्शाचं पण आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसच्या दिवस कोणी हात लावत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर बघितलं, ज्यांनी नुसती १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना गोंजारलं त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, नुसतं बघत बसणाऱ्यांपेक्षा आणि फोटो बघणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. हात लावण्यात फरक पडला, बघण्यात नाही. तरुण पोरं होती ती, लगेच आईंना तंतोतंत लागू करू नका, पण मला स्वतःला यात नवल वाटलं नाही. सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या एक अक्का माझ्याकडं येतात, त्या सांगतात की हिशेबाचं टेन्शन आलं की मी दोन मिनिटं तंबाखूचं सूप बाजूला ठेवते आणि हिच्या पाठीवरून हात फिरवते, छातीतली धडधड बसते. (त्यांना मी एकच सांगितलं, हात धुऊन मग हात फिरवा. तंबाखूची धूळ मांजराच्या केसावर बसली की ते चाटून पोटात घेतं. आणि घरात विडी-सिगारेट ओढत असाल तर तेही तसंच, अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठानं २००२ मध्ये बघितलं होतं की धूर असलेल्या घरातल्या मांजरांना लिम्फोमा नावाचा कॅन्सर व्हायचा धोका दुपटीहून जास्त.)

फक्त गोंजारायचं कसं हे आईंना दाखवा, कारण पहिल्या आठवड्यात सगळे इथंच बिघडवतात. मांजराला उचलून मांडीवर दाबून धरायचं नाही. खुर्चीत बसायचं, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला पुढं करायचं आणि थांबायचं. ते येऊन वास घेईल, गाल घासेल, मग गालावर, हनुवटीखाली, कानाच्या बुडाशी बोटांनी हलकं खाजवायचं. पोटाला हात नाही, शेपटीला नाही. शेपटीचं टोक सटकन हलायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान मागं गेले की हात काढून घ्यायचा, ते चावायच्या आधीची नोटीस असते ती. आणि लांबून बघताना डोळे हळूच मिटायचे, हळूच उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून बघितलं, माणसानं असं हळू डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात आणि अनोळखी माणसाकडंसुद्धा जास्त जवळ येतात. आईंना संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या करता येईल.

मांजर लळा लावत नाही, घराशी राहतं माणसाशी नाही, असं आपल्याकडं म्हणतात. ओरेगॉन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये पिल्लांना मालकापासून दोन मिनिटं वेगळं करून परत भेटवलं, तेव्हा साधारण ६४ टक्के पिल्लं मालकाजवळ येऊन शांत झाली आणि मग निवांत खेळायला लागली, लहान लेकरं आईला बघून करतात तसंच. मोठ्या मांजरांतही तेवढंच. लळा असतो, दाखवायची पद्धत वेगळी.

एक गोष्ट मांजर देत नाही ती म्हणजे चालणं. इंग्लंडात सर्पेल नावाच्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नवीन कुत्रं आणि नवीन मांजर घेतलेल्या लोकांवर १० महिने नजर ठेवली, पहिल्या महिन्यात दोघांच्याही डोकेदुखी-सर्दीसारख्या बारीकसारीक तक्रारी कमी झाल्या, पण हा फायदा १० महिन्यांपर्यंत टिकला तो कुत्रेवाल्यांचा, आणि त्यांचं चालणंही खूप वाढलेलं. त्यामुळं आईंचं सकाळचं फिरणं बंद होऊ देऊ नका, मांजर घरी आहे म्हणून सिद्धेश्वर तळ्याची फेरी चुकवायची नाही.

झोपेबद्दल तुम्ही खास विचारलंय. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असणारं जनावर आहे, म्हणून पहाटे चारला धुडगूस घालतं, आणि आधीच झोप नसलेल्या आईंना ते नको. यावर उपाय सोपा आहे. रात्री नऊच्या सुमाराला दहा मिनिटं दोरीनं खेळवायचं, शिकारीसारखं पळवायचं, मग लगेच दिवसातलं मोठं जेवण द्यायचं. खेळ, जेवण, अंग चाटणं, झोप, असाच त्याचा क्रम असतो, तो आपल्या झोपेच्या वेळेला लावून घ्यायचा. आणि पहाटे ओरडलं तर उठून खायला द्यायचं नाही, एकदा दिलं की रोजचं झालं. नसबंदी तर हवीच, पाचव्या-सहाव्या महिन्यात. मादी माजावर आली की रात्र रात्र ओरडते, आईंची झोप तर जाईलच वर अख्खी कॉलनी दारात येईल. गाभण राहिली तर नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं, मग ती कोणाला देणार. ऑपरेशनला घाबरायचं काही नाही, मादीला काही दिवस गळ्यात कॉलर घालून टाका चाटू द्यायचा नाही, एवढंच.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. आई जर जेवतच नसतील, रडू थांबत नसेल, जगून काय करू असं बोलत असतील तर मांजर हा त्यावरचा उपाय नाही. तिथं मानसोपचाराचा डॉक्टर लागतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात, आजच लावा. मांजर नंतरही येऊ शकतं.

आता बहिणीचं. गरोदरपणातली भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची असते, आणि भीती खोटी नाही, गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो. पण तो मांजराला हात लावून होत नाही. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा एक ते तीन आठवडे त्याच्या शीमधून अंडी पडतात, तीही ताजी असताना लागत नाहीत, बाहेर एक ते पाच दिवस पडून राहिली की मग लागण करण्याजोगी होतात. म्हणून शीची माती रोज काढून टाकली की निम्मं काम झालं, आणि ती बहिणीनं काढायची नाही, आईंनी काढायची, नंतर साबणानं हात. घरातच राहणारं, उंदीर न खाणारं, कच्चं मटण न दिलेलं मांजर असेल तर धोका आणखी कमी. खरं तर जास्त लक्ष द्यायचं ते न धुतलेली कोथिंबीर, गाजर-काकडी, कच्चं मटण कापलेली पाटी-सुरी आणि कुंडीतली माती याकडं. बहिणीच्या गायनॅकना सांगून ठेवा, वाटलं तर त्या रक्ततपासणी करून घेतील.

बाळ झाल्यावर पाळण्यात मांजर झोपू द्यायचं नाही, उबेला जाऊन बसतं आणि बाळाचं नाक दबू शकतं. पाळण्याला मच्छरदाणी आणि खोलीचं दार बंद. वयस्कर मंडळी अपशकुन वगैरे काढतील तर त्यांना एवढंच आठवण करून द्या की जिची पूजा आपण पाचवी-सहावीला करतो त्या षष्ठीचं वाहन मांजरच आहे. आपल्याकडं मुसलमान घरांमध्येही मांजर पाक, म्हणजे शुद्ध, मानतात आणि किती प्रेमानं सांभाळतात ते मी बघतोच.

दम्याचा मुद्दा मला बहिणीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. मांजराची ॲलर्जी केसांची नसते, फेल डी १ नावाच्या प्रथिनाची असते, ते त्याच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं, चाटून चाटून केसावर लागतं, वाळतं आणि हवेत उडतं. कुठल्याही जातीचं मांजर घ्या, पर्शियन असो की गल्लीतलं, असतंच. आणि मांजर घरातून काढलं तरी ते गाद्या-पडद्यांत पाच-सहा महिने टिकतं, आपल्या घरात तर सोलापुरी चादरींचे गठ्ठे असतात. म्हणून आधी तपासा मग आणा. भाच्याला ज्या घरात मांजर आहे तिथं तीन-चार वेळा तास-दोन तास बसवा, डॉक्टरांचा पंप सोबत ठेवून, आणि छातीरोगवाल्यांकडून स्किन टेस्ट करून घ्या. दमा धुळीनं आहे, लूमवर उडणाऱ्या सुताच्या तंतूंनी आहे की मांजरानं, हे माहीत असल्याशिवाय मांजराला दोष देण्यात अर्थ नाही, आणि मांजराची ॲलर्जी पक्की निघाली तर मी स्वतः सांगेन की नका आणू, तो पोरगा दर सुट्टीला आजीकडं येणारच ना. लहानपणी घरात जनावर असलं तर ॲलर्जी कमी होते असंही वाचाल, डेट्रॉईटच्या ४७४ मुलांचा २००२ चा अभ्यास आहे तसा, पहिल्या वर्षात दोन किंवा जास्त कुत्री-मांजरं घरात असलेल्या मुलांत सहा-सात वर्षांचे असताना ॲलर्जी कमी दिसली. पण ते तान्ह्या बाळांचं, दमा असलेल्या मुलावर उपाय म्हणून नाही.

ओरखडे-चावे. लस दिलेलं घरातलं मांजर असलं तरी चावलं किंवा रक्त निघालं की वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, म्हणून यात घरगुती अक्कल चालवायची नाही. दंडात कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मांजराला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग दरवर्षी. त्याआधी आठ आठवड्यांपासून ती तीन रोगांची एकत्र लस, जिला सगळे ट्रायकॅट म्हणतात. पिसवांचं औषध मांजराचंच वापरा, कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनवालं लावलं की मांजर झटके येऊन मरतं. पॅरासिटामॉल तर अर्धी गोळीसुद्धा नाही, जीव जातो. आणि मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर लगेच दाखवा, तो बहुतेक नायटा असतो आणि आईंच्या हातावर यायला वेळ लागत नाही.

पडण्याचं कोणी बोलत नाही, मी बोलतो. मांजर पायात घोटाळतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २००९ मध्ये आकडे काढले, कुत्र्या-मांजरांमुळं पडून जखमी होणारे वर्षाला सुमारे ८६ हजार, त्यात कुत्र्यांमुळं पडणारे मांजरांच्या साडेसात पट. म्हणजे मांजर बरं, पण ६६ वर्षांच्या बाईच्या खुब्याचं हाड ही चेष्टा नाही. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा, मांजराची वाटी चालण्याच्या वाटेत नाही, आणि जमलं तर गळ्यात आवाज करणारं पण ओढलं की सुटणारं पट्ट्याचं घुंगरू.

खाणं. आपल्याकडं घरं बरीचशी शाकाहारी, लिंगायत, जैन, मारवाडी, ब्राह्मण, आणि मांजराला दूध-पोळी घालतात प्रेमानं. चालत नाही हो. मांजराला टॉरिन लागतं, ते फक्त मांसातून मिळतं, नाही मिळालं तर डोळ्याचा पडदा जातो आणि हृदय फुगतं, हे दुसरं १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात कळलं. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. आईंना घरात चिकन शिजवायचं नसेल तर तयार कॅट फूड पाकिटातून द्या, हात लावावा लागत नाही. पाकीटही घरात चालणार नसेल तर मांजर आणू नका, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो, अर्धपोटी आजारी मांजर सांभाळताना माणसाचा ताण वाढतोच, उतरत नाही. शेंगाचटणी, कांदा-लसणाची भाजी अजिबात नको, लसूण-कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात.

एप्रिल-मेमध्ये आपला पारा ४२-४३ला जातो तेव्हा पाण्याच्या पसरट वाट्या घरभर दोन-तीन जागी, पाणी भरून ठेवलेल्यातलं असलं तरी रोज बदलून. ओला टॉवेल पिळून फरशीवर टाका, ते स्वतः जाऊन पसरतं. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच दवाखाना. आणि बोका असेल तर एक लक्षण पाठ करून ठेवा, मातीत जाऊन कुंथतोय आणि लघवी येत नाहीये, ही इमर्जन्सी आहे, उद्या बघू असं नाही, एका-दोन दिवसांत जातो. फक्त कोरडं खाणं आणि पाणी कमी पिणं यानं याचा धोका वाढतो.

सगळ्यात शेवटी, तुम्ही न विचारलेलं पण मला महत्त्वाचं वाटतंय. पिल्लू आणू नका. पिल्लू गोड असतं, पण पडद्यावर चढतं, पायात येतं, रात्री जागतं, आणि घरात नीट सांभाळलेलं मांजर चौदा-पंधरा वर्षं जगतं, तेव्हा आई ऐंशीच्या असतील. त्यांना दोन-तीन वर्षांचं, शांत झालेलं, नसबंदी झालेलं मांजर जास्त जमेल, स्वभावही आधीच कळलेला असतो. काकूंना विचारा पिल्लांची आई कोणाची आहे. ती कॉलनीतलीच, माणसाळलेली असेल, आईंच्या दारात येऊन बसत असेल तर तिचाच विचार करा, पिल्लं दोन महिन्यांची होऊन सुटली की तिचं ऑपरेशन, लस आणि जंताचं औषध एकाच दमात करून घेता येतं. आई पुण्याला येतील तेव्हा खायला घालायला काकू तयार आहेत का हे आत्ताच पक्कं करा, मांजराला प्रवासापेक्षा आपल्याच घरात राहणं बरं वाटतं. आणि हे सगळं बहीण यायच्या दोन महिने तरी आधी उरका, म्हणजे मांजर रुळलेलं असेल, माती काढायची आईंची सवय पडलेली असेल आणि भाच्याची टेस्टही होऊन गेलेली असेल. दवाखान्यात आणताना झाकणाची बास्केट आणा, भाजीच्या पिशवीतून नको, सात रस्ता चौकात हॉर्न वाजला की पिशवीतलं मांजर बाहेर उडी मारतं.